पहिली नेमणूक

१८८६ हे साल मराठी वाचकाच्या लक्षात आहे ते आनंदीबाई जोशींमुळे. त्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात त्यांना एम.डी.ची पदवी मिळाली आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पदवी होती, नेमणूक होती, पण कामावर रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. त्याच १८८६ मध्ये मुंबईत आणखी दोन गोष्टी घडल्या. कामा रुग्णालयाचे दरवाजे उघडले, आणि जे. जे. रुग्णालयात परिचारिकांच्या पद्धतशीर शिक्षणाला सुरुवात झाली. पहिल्या डॉक्टरबाईंची गोष्ट क्रमिक पुस्तकांतून, नाटकांतून, सिनेमांतून घरोघर गेली, आणि जायलाच हवी होती. परिचारिकांची गोष्ट मात्र वॉर्डातच राहिली.

पाच वर्षांनी, १८९१ मध्ये, काशीबाई गणपत नावाची एक बाई मुंबईत परिचारिकेचे शिक्षण घ्यायला आली. या शिक्षणासाठी पुढे आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचे नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत आहे. तिच्या वाट्याला एक ओळ येते आणि विद्यार्थिनी ती परीक्षेपुरती पाठ करतात. त्या एका ओळीत धाडस किती होते, ते समजायला त्या काळचा वॉर्ड समजून घ्यावा लागतो.

जे. जे. रुग्णालय १८४५ पासून सुरू होते. सर जमशेटजी जीजीभाईंची देणगी, शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज, मोठमोठे डॉक्टर, सारे काही होते; रुग्णाच्या उशाशी बसायला मात्र शिकलेले माणूस नव्हते. अंग पुसणे, पाणी पाजणे, पथ्य सांभाळणे ही कामे नातेवाईक, आया आणि वॉर्डातले नोकर जमेल तशी करत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ऑल सेंट्स या अँग्लिकन संघाच्या सिस्टर्सनी मुंबईच्या रुग्णालयांत शुश्रूषेची घडी बसवली. १८८८ मध्ये कॅथरीन ग्रेस लॉक यांच्यासह शिकलेल्या इंग्रज परिचारिकांची पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली, पण ती लष्करासाठी होती. गोऱ्या सैनिकांच्या रुग्णालयांकडे ती निघून गेली. हिंदुस्थानी बायकांचे हाल तसेच राहिले. परक्या पुरुषाने तपासण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्या काळी थोड्या नव्हत्या.

कामा रुग्णालय उभे राहिले ते त्यांच्यासाठी. जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी निधी जमवला, पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली आणि इंग्लंडहून १८८३ च्या अखेरीस आलेल्या डॉ. एडिथ पेची यांच्याकडे सूत्रे आली. बायकांनी बायकांसाठी चालवलेले हे रुग्णालय. पण डॉक्टरबाई सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक फेरी मारणार. मधले अठरा-वीस तास कोणाचे? पेचींनी हा प्रश्न ओळखला आणि परिचारिका घडवण्याच्या कामात लक्ष घातले. लेडी डफरिन यांच्या नावाने १८८५ मध्ये निघालेल्या निधीच्या उद्देशांतही स्त्री डॉक्टरांबरोबर शिकलेल्या परिचारिका आणि सुइणी पुरवणे हे स्पष्ट नमूद होते.

उद्देश कागदावर होता. यायचे कोणी?

पांढरपेशा हिंदू घरातली मुलगी येणे जवळपास अशक्यच होते. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्राची भांडी उचलायची, जातीचा विचार न करता सर्वांचे उष्टे-खरकटे काढायचे, आणि हे सगळे रात्रीच्या वेळी, घराबाहेर राहून करायचे. यातली एकेक गोष्टही घरातून हाकलून द्यायला पुरेशी होती. म्हणून सुरुवातीच्या यादीत युरोपियन, अँग्लो-इंडियन, पारशी आणि देशी ख्रिस्ती मुलींचीच नावे भरलेली दिसतात. प्रवेशासाठी मार्कांपेक्षा चारित्र्याचा दाखला महत्त्वाचा. एखाद्या पाद्र्याचे किंवा प्रतिष्ठित गृहस्थाचे पत्र, लिहितावाचता येणे, धडधाकट प्रकृती आणि नवऱ्या-मुलांचा पाश नसणे, एवढे असले की मुलगी शिकाऊ म्हणून वॉर्डात उभी राही.

त्या व्यवस्थेत शिक्षण आणि नोकरी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. शिकाऊ मुलगी पहिल्या दिवसापासून कामाची माणूसच होती. ती चादरी बदले, पोटीस बांधे, उपकरणे उकळे, ज्वराच्या रुग्णाला थंड पाण्याने पुसून काढी आणि उरलेल्या वेळात मेट्रनबाईंचे व्याख्यान ऐके. रुग्णालयाला स्वस्तात हात मिळत, मुलीला जेवण, राहायला जागा आणि थोडे विद्यावेतन मिळे. शिक्षण संपले की तीच मेट्रन तिला त्याच इमारतीत नेमणूक देई, नाहीतर एखाद्या श्रीमंत घरी खासगी शुश्रूषेसाठी पाठवी. नोकरीसाठी अर्ज लिहिणे, वणवण करणे हे त्या मुलीला ठाऊकच नव्हते. या पद्धतीत पिळवणूक होती, यात शंका नाही. पण वर्ष-दोन वर्षे अनुभवी सिस्टरच्या नजरेखाली काम केल्यावरच पूर्ण जबाबदारी अंगावर येत असे. ही एक चांगली गोष्ट पुढे हरवली.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि मुंबई इलाख्याला शुश्रूषेचे मोल एका फटक्यात कळले. ठिकठिकाणी प्लेगची रुग्णालये उघडली. परिचारिका पुरेनात म्हणून इंग्लंडहून मागवाव्या लागल्या. पुण्याजवळ हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी उपचार केंद्र काढले आणि सावित्रीबाई तिथे रुग्ण आणत राहिल्या. १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. सावित्रीबाईंकडे परिचारिकेचे प्रमाणपत्र नव्हते, पण या पेशाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे.

मुंबईबाहेर या पेशाला खरी पाळेमुळे दिली ती मिशन रुग्णालयांनी. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले आणि थोड्याच वर्षांत तिथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. अहमदनगर, जालना, वाई, वेंगुर्ले इथल्या मिशन रुग्णालयांतही मराठी बोलणाऱ्या परिचारिका काम करू लागल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेल्या कितीतरी मुली मिशनच्या आश्रयाने वाढल्या. त्यांच्यातल्या काहींना वॉर्डात घर मिळाले, आणि पगार मिळाला. बाप-भावाच्या नावाशिवाय स्वतःच्या कमाईवर जगणारी बाई ही त्या काळच्या खेड्यात न पाहिलेली गोष्ट होती. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा देशातल्या बहुसंख्य परिचारिका ख्रिस्ती होत्या आणि बहुसंख्यांचे शिक्षण मिशन रुग्णालयांत झालेले होते. महाराष्ट्रातल्या सवर्ण समाजाने या बायकांची सेवा घेतली आणि त्यांच्याबद्दल नाकही मुरडले, हे लिहून ठेवले पाहिजे.

ही कोंडी फोडायचा पहिला मोठा प्रयत्न पुण्यात झाला. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. शिवण, भरतकाम, शिक्षिकेचे शिक्षण इथपर्यंत लोकांनी खपवून घेतले. पण विधवा मुलींना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या आणि सुइणीच्या शिक्षणासाठी पाठवायचे ठरले तेव्हा विरोध उसळला. रमाबाईंचे वजन इथे कामी आले. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, स्वतः विधवा, सोवळे-ओवळे जाणणाऱ्या. अशी बाई स्वतः जबाबदारी घेते म्हटल्यावर काही सासर-माहेरे नमली. सोवळी होऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा जन्म काढायचा, की ससूनच्या वॉर्डात जाऊन काही शिकून जिल्ह्याच्या गावी सुईण म्हणून, परिचारिका म्हणून नेमणूक मिळवायची, असा पर्याय प्रथमच समोर आला. त्या मुलींच्या दृष्टीने पहिला पगार म्हणजे फक्त पैसे नव्हते. भावाच्या घरी भाकरीसाठी वहिनीच्या तोंडाकडे पाहायची वेळ त्याने संपवली.

तोवर प्रमाणपत्राची किंमत रुग्णालयाच्या नावावर ठरत होती. जे. जे.चा कागद कुठेही चाले. आडगावच्या दवाखान्याचा कागद कोण विचारणार? लखनौला १९०५ मध्ये परिचारिका अधीक्षकांची संघटना निघाली, १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन स्थापन झाली आणि १९०९ मध्ये मुंबई इलाख्याची स्वतंत्र नर्सिंग असोसिएशन उभी राहिली. परीक्षा आणि प्रमाणपत्रे यांना काही एक मोजमाप येऊ लागले. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा झाला. आता नोंदणी क्रमांक मिळाला, आणि त्याबरोबर एक नवे स्वातंत्र्यही. ज्या रुग्णालयात शिकली तिथल्या मेट्रनशी पटले नाही तरी मुलगी दुसरीकडे जाऊ शकत होती. आजही नव्या परिचारिकेच्या फाईलमध्ये सर्वांत जपून ठेवलेला कागद नोंदणीचाच असतो. बाकी सारे असले आणि नोंदणी करणाऱ्या नर्सिंग कौन्सिलचा क्रमांक नसला तर वॉर्डात पाऊल ठेवता येत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाचा हिशेब मांडला तो सर जोसेफ भोर यांनी. भोर मूळचे नाशिकचे, डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालात आकडा होता: देशभरात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. समितीने १९७१ पर्यंत दर ५०० लोकांमागे एक परिचारिका असे लक्ष्य ठेवले आणि परिचारिकांची राहण्याची, कामाची, पगाराची स्थिती सुधारल्याशिवाय चांगल्या मुली या पेशात येणार नाहीत असे बजावले. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले.

त्यानंतरची दोन-तीन दशके नव्या परिचारिकेसाठी एका अर्थाने सोन्याची होती. रुग्णालये वाढत होती, माणसे मिळत नव्हती. सरकारी किंवा महापालिकेच्या नर्सिंग स्कूलमध्ये निवड झाली की वसतिगृह, विद्यावेतन, गणवेश हे सारे मिळे. बदल्यात शिक्षणानंतर ठरावीक वर्षे सरकारी सेवा करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागे. शेवटची परीक्षा झाली की नेमणूक जवळजवळ ठरलेलीच. सातारा, रत्नागिरी, सोलापूर, विदर्भातल्या शेतकरी आणि कामगार घरांतल्या मुली, आणि आता मोठ्या संख्येने दलित समाजातल्या मुली, या वाटेने पहिल्यांदा नियमित पगारावर आल्या. धाकट्या भावाची फी, बापाच्या डोळ्यांचे ऑपरेशन, घरावरची कौले अशी कामे या पगारातून झाली. पुढे बढतीची शिडीही ठरलेली: अधिपरिचारिका, मग परिसेविका, सहायक अधिसेविका, आणि केस पिकता पिकता अधिसेविका. बोलताना मात्र स्टाफ, सिस्टर आणि मेट्रन हेच शब्द चालत राहिले.

नोकरी पक्की होती. ती सुरक्षित नव्हती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर, ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलत असताना, तिथल्याच सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. उत्तर कन्नडातल्या हळदीपूरहून नोकरीसाठी मुंबईत आलेली ही मुलगी पुढची जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिली आणि १८ मे २०१५ रोजी गेली. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. त्यांची मागणी अरुणाला न्याय मिळावा एवढीच नव्हती. कामाच्या जागी आपण सुरक्षित असावे ही होती. कपडे बदलायला एक बंद होणारी खोली, रात्री ये-जा करायला उजेड, या गोष्टीही तेव्हा मागाव्या लागल्या. पुढच्या चार दशकांत के.ई.एम.मध्ये नव्याने रुजू होणाऱ्या मुलींच्या कितीतरी तुकड्या अरुणाच्या शुश्रूषेत सहभागी झाल्या. हल्ला झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता त्यांनी तिला न्हाऊ-माखू घातले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिच्या वतीने बोलण्याचा हक्क के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचाच मानला.

याच काळात मुंबईच्या वॉर्डांत मल्याळम बोली घुमू लागली. आखाती देशांत तेलाच्या पैशातून रुग्णालये उभी राहत होती आणि त्यांना अनुभवी परिचारिका हव्या होत्या. केरळच्या मुलींसाठी मुंबई हा मधला मुक्काम झाला. इथे नोकरी करायची, दोन वर्षांचे अनुभवपत्र मिळवायचे, आणि इथल्याच एजंटामार्फत कुवेत, सौदी, मस्कत गाठायचे. मराठी मुली त्या मानाने कमी गेल्या. त्यांना सरकारी वा महापालिकेची कायम नोकरी आणि पेन्शन जवळची वाटली, आणि त्या काळात तो हिशेब चूक नव्हता.

पण कायम नोकरीच आक्रसू लागली. नव्वदीनंतर आणि विशेषतः दोन हजार सालानंतर खासगी नर्सिंग महाविद्यालयांचे पेव फुटले. जमीन गहाण टाकून, कर्ज काढून फी भरणाऱ्या घरांतून मुली आणि आता मुलेही पदवी घेऊन बाहेर पडू लागली. आधी रुग्णालय मुलीला घेत असे आणि शिकवत असे. आता महाविद्यालय शिकवणार आणि रुग्णालय विचारणार, अनुभव किती? ज्या महाविद्यालयाला स्वतःचे चालते रुग्णालयच नाही तिथल्या मुलीने हात कुठे साफ केलेला असणार? आणि पहिली नोकरी मिळाल्याशिवाय अनुभव यायचा कुठून? या कोंडीचा फायदा अनेक खासगी रुग्णालयांनी घेतला. पगार हातात दहा हजारांच्या आतबाहेर, कामाचे तास बारा, आणि दोन वर्षांचा बाँड. नोकरी मध्येच सोडू नये म्हणून मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवायची प्रथाच पडली. मुलीला चांगली संधी आली तरी कागदांसाठी पैसे मोजायचे.

अशा नोकरीतली पहिली रात्रपाळी कशी असते, ते बाहेरच्यांना क्वचितच ठाऊक असते. रात्री आठला दिवसपाळीची सिस्टर खाटेखाटेने फिरत हँडओव्हर देते: अमक्याचे ऑपरेशन आजच झाले, लघवी झाली का पाहा, तमक्याला रक्त चढतेय, पंधरा मिनिटांनी नाडी घे, कोपऱ्यातल्या आजी रात्री उठून चालायला लागतात, कठडा वर ठेव. मग मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली आणि त्याची वही हातात येते. एकेक अँप्यूल मोजून सही करायची. दहाच्या अँटिबायोटिकची ट्रॉली, टेस्ट डोस, बारा वाजता इनटेक-आऊटपुटची बेरीज. पाचशे मिलीची सलाइनची बाटली आठ तासांत जायला हवी, तर वीस थेंबांच्या सेटवर मिनिटाला एकवीस थेंब. घड्याळ समोर धरून थेंब मोजायचे. हे गणित परीक्षेत बरोबर आलेले असते. पण दोन खाटांवरून एकदम हाक आली, एका नातेवाइकाने आवाज चढवला आणि डॉक्टरांचा फोन लागत नाही, अशा वेळी मोजलेले थेंब विसरायला होतात. नर्सिंग कौन्सिलचे प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. नव्या मुलीला याच्या कितीतरी पट रुग्ण एकटीने सांभाळावे लागतात, आणि चूक झाली की मेमो तिच्याच नावावर निघतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले तेव्हा अंजली कुलथे या परिचारिकेने आपल्या वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना आतल्या छोट्याशा खोलीत सुरक्षित नेले, आणि त्या गोळीबारातच एकीला कळा सुरू झाल्यावर भिंतीच्या आडोशाने प्रसूतिगृहापर्यंत पोचवले. पुढे त्यांतल्या कसाब या दहशतवाद्याविरुद्ध साक्ष द्यायला त्या परिचारिकेच्या गणवेशातच गेल्या, आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी ती रात्र सांगितली. असे प्रसंग आले की समाज परिचारिकांना देवदूत म्हणतो. पगाराचा विषय निघाला की तोच समाज गप्प बसतो.

म्हणून तो विषय परिचारिकांनीच काढला. २०११ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या तरुण मल्याळी परिचारिकेने आत्महत्या केली. बाँड आणि अडकवलेली प्रमाणपत्रे यांची चर्चा देशभर झाली. केरळमध्ये परिचारिकांची नवी संघटना उभी राहिली, संपांची लाट आली. नर्सिंग कौन्सिलनेही बाँडची पद्धत बंद करण्याचे परिपत्रक काढले. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीने खाटांच्या संख्येवर पगार बांधून दिला. दोनशेहून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार; शंभर ते दोनशे खाटांत त्याहून फार तर १० टक्के कमी; पन्नास ते शंभर खाटांत फार तर २५ टक्के कमी; आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही २०,००० रुपयांच्या खाली नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे अंमलबजावणी राज्यांवर आली. केरळने २०१८ मध्ये अधिसूचना काढून किमान मूळ वेतन २०,००० केले.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीही पूर्वीची राहिलेली नाही. बंधपत्रित परिचारिका वर्षानुवर्षे कायम होण्याची वाट पाहत राहिल्या. मे २०२२ मध्ये खासगी संस्थेमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध जे. जे.सह राज्यभरच्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी संप केला. त्याच्या आधी दोनच वर्षे, करोनाच्या पहिल्या लाटेत, याच राज्याने केरळकडे पत्र पाठवून ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या होत्या. संकटात माणसे उसनी मागायची आणि संकट सरले की आपल्याच मुलींना कंत्राटावर घ्यायचे, हे धोरण या राज्याला शोभणारे नाही.

आता नवी वाट जर्मनीकडे जाते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. तिथे परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळायला जर्मन भाषा चांगली यावी लागते, म्हणजे पदवीनंतर आणखी काही महिने भाषेच्या वर्गात घालवायचे. ज्यांना जमेल त्या जातील, आणि त्यांनी जावे.

इथे राहणाऱ्यांसाठी एक बदल मात्र मोलाचा आहे. २०२१ च्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात शेवटचे, आठवे सत्र इंटर्नशिपचे केले गेले. म्हणजे पदवी हातात येण्याआधी मुलगी काही महिने वॉर्डातच काम करते. जुन्या शिकाऊ पद्धतीतली चांगली बाजू त्यातून परत येऊ शकते, जर त्या महिन्यांत तिच्याशेजारी शिकवणारी अनुभवी सिस्टर असेल आणि रुग्णालयाने तिला फुकटचे जास्तीचे हात समजले नाही तर. २०२३ मध्ये १९४७ चा जुना कायदा बदलून राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा आला आहे. पण नुसता कायदा पुरत नाही. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीचा खाटांनुसार पगाराचा तो तक्ता महाराष्ट्रात प्रत्येक रुग्णालयाच्या नोटीस बोर्डावर लागायला हवा, आणि मुलाखतीला बसलेल्या नव्या मुलीने मेट्रनला बेधडक विचारायला हवे: इथे खाटा किती, पहिले तीन महिने माझ्याबरोबर कोण असेल, आणि माझी मूळ प्रमाणपत्रे तपासून आजच परत मिळतील ना?